टोमॅटोचा बोकड्या: पांढरी माशी, तरू आणि पहिले ४५ दिवस

शिवार_हुक्केरी

१ एकर टोमॅटो आहे, मल्चिंगवर, ५ फूट × दीड फूट. लागण होऊन २२ दिवस झालेत. पूर्वेकडच्या बांधालगतच्या चार सऱ्यांत साधारण ६० झाडं बिघडली आहेत. शेंड्याची पानं बारीक, वाटीसारखी वर वळलेली, कडा पिवळट, आणि दोन पानांमधलं अंतर एकदम कमी. बाकीचं रान स्वच्छ आहे. बांधापलीकडे संपत आलेली मिरची उभी आहे. दुकानातून 'व्हायरस किट' म्हणून तीन बाटल्या मिळाल्यात, एकात एक मिसळून मारा म्हणे. ते मारू का? आणि बिघडलेली झाडं ठेवायची की उपटायची? उपटलेल्या जागी नवीन तरू, म्हणजे रोप, लावला तर चालेल का?

मलप्रभा_काठ

किट बाजूला ठेवा. झाडात शिरलेल्या विषाणूवर कुठलंही औषध नाही, ना बाटलीत ना पुडीत. त्या किटमध्ये बहुधा एक कीटकनाशक, एक सूक्ष्म अन्नद्रव्य आणि एक टॉनिक असतं. कीटकनाशकाने माशी मरते, टॉनिकने झाड चार दिवस हिरवं दिसतं, आणि 'फरक पडला' म्हणून आपण दुसरं किट आणतो.

तुम्ही सांगितलेली लक्षणं पर्णगुच्छाची, म्हणजे टोमॅटो लीफ कर्लची आहेत. आपल्याकडे त्यालाच बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. कर्नाटकच्या कृषी खात्यात किंवा रैत संपर्क केंद्रात कन्नडमध्ये बोलताना 'एले मुटुरु रोग' म्हणा, पांढऱ्या माशीला 'बिळी नोण'. हे शब्द माहीत असलेले बरे, बाटल्यांवरची माहितीपत्रकंही बऱ्याचदा कन्नडमध्येच मिळतात.

हा बेगोमोव्हायरस गटातला विषाणू आहे आणि शेतात तो एकाच वाहकामुळे पसरतो: पांढरी माशी, बेमिसिया टबॅसी. रोगट झाडाचा रस माशीने अर्धा तास शोषला तरी विषाणू तिच्या पोटात जातो. तिथून तो आतड्यातून रक्तात आणि रक्तातून लाळेत यायला काही तास ते एक दिवस लागतो. त्यानंतर ती माशी जगेल तितके दिवस रोग देत फिरते. पुढच्या निरोगी झाडाला रोग द्यायला तिला परत अर्ध्या तासाचं शोषण पुरतं. आणि झाडात विषाणू शिरला की पान वळायला १० ते १५ दिवस जातात, थंडीत थोडे जास्त.

आता तुमचे २२ दिवस यावर बसवून बघा. आज दिसणारा रोग लागणीनंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांतला आहे. त्या माश्या आता मेल्याही असतील.

कुठून आला ते झाडांच्या जागेवरून कळतं. रोगट झाडं रानभर विखुरलेली असतील, सरीत कुठेही एखाद-दुसरं, आणि लक्षणं लागणीनंतर आठवड्याभरातच दिसली असतील, तर तरूच रोगट आला. एका बांधाकडून आत येत असेल तर शेजारून आला. तुमचा दुसरा प्रकार दिसतो. मिरचीचा चुरडा-मुरडाही याच माशीने पसरतो, आणि मिरचीतले काही विषाणू टोमॅटोलाही लागतात.

६० झाडं म्हणजे जवळपास ५,८०० मधली ६०, शेकडा एक. इतक्यात उपटणं परवडतं. फक्त पद्धत पाळा. दुपारी उपटायला गेलात तर झाड हलताच सगळ्या माश्या उडून शेजारच्या चांगल्या झाडांवर बसतात, म्हणजे आपणच रोग वाटला. त्यासाठी पहाटे, दव असताना जा. गारव्यात माशी सुस्त असते. झाडावर वरून प्लॅस्टिकची पिशवी हळूच घाला, बुंध्याशी तोंड आवळा, आणि मग मुळासकट उपटा. पिशवी तशीच बांधून उन्हात दोन दिवस ठेवा, मग पुरा. बांधावर फेकू नका. वाळायला लागलेल्या झाडावरून माशी लगेच हिरव्याकडे जाते.

दर चार दिवसांनी एक फेरी, ४५ दिवसांपर्यंत. त्यानंतर रोग दिसला तर झाड ठेवा. तोवर खालचे दोन-तीन घोस धरलेले असतात आणि ती फळं पोसतात, शेंडा वाढत नाही एवढंच.

नांग्या भरू नका, म्हणजे उपटलेल्या झाडाच्या जागी नवं रोप लावू नका. आता लावलेला तरू आजूबाजूच्या झाडांपेक्षा तीन आठवड्यांनी लहान राहणार, कोवळ्या पानावर माशी आधी बसते, आणि लहान झाडाला लागण झाली तर ते फळापर्यंत जातच नाही. लागणीनंतर १०-१२ दिवसांपर्यंत नांग्या भरणं ठीक. पुढे शेजारच्या झाडाची एक फांदी जास्त ठेवून जागा भरून काढा.

ऊसकरी_रायबाग

वरचं सगळं मान्य, पण उपटायच्या आधी एक गोष्ट तपासा. तुमच्या बांधाजवळ ऊस आहे का, किंवा तुमचा पंप उसात तणनाशकाला वापरला होता का?

ऊस पट्ट्यात टोमॅटोचा 'व्हायरस' म्हणून जे दाखवायला आणतात, त्यातला मोठा वाटा २,४-डी या तणनाशकाचा असतो. टोमॅटो त्याला फार हळवा आहे. पंपाच्या तळाला राहिलेला घोटभर द्रावसुद्धा पुरतो. वाऱ्याने येतं ते वेगळं, आणि त्यातही एस्टर प्रकारातलं उन्हात वाफ होऊन लांब जातं.

दोन्हींतला फरक असा. पर्णगुच्छात पान बारीक होतं, वर वळतं, कडा आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो, पण पानाची मूळ घडण राहते. २,४-डी मध्ये पानाचे देठ आधी खाली पिळवटतात, दोरी वळल्यासारखे. मग येणारं नवं पान लांबट, पट्टीसारखं, शिरा सगळ्या समांतर आणि पंख्यासारख्या पसरलेल्या. खोड जाड होतं, कधी तडकतं. पिवळेपणा फारसा नसतो. सगळ्यात मोठी खूण म्हणजे सगळी झाडं एकाच दिवशी, एकाच मापात बिघडतात आणि पुढे संख्या वाढत नाही. महिन्याभरात हलक्या मात्रेतली झाडं नवा शेंडा चांगला काढतात. असली झाडं उपटून टाकली तर नुकसान स्वतःच्या हाताने होतं.

पंप शंकास्पद असेल तर स्वच्छ पाणी भरून, हलवून, त्याच पाण्याने टोमॅटोच्या चार फालतू रोपांवर फवारा आणि तीन दिवस थांबा. देठ पिळवटले तर तो पंप माळव्याला (भाजीपाल्याला) लावू नका. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने रात्रभर भरून ठेवून तीनदा धुतलं तरी वॉशर आणि नळीत अंश राहतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे गड्याच्या हातून चुकणार नाही.

एक जाता जाता: उसावर पांढरी माशी दिसते म्हणून टोमॅटोवाले घाबरतात. उसातली पांढरी माशी ही वेगळी जात आहे, ती टोमॅटोवर येत नाही आणि हा रोग देत नाही.

शिवार_हुक्केरी

ऊस पश्चिमेला आहे, बिघाड पूर्वेला. पंप बॅटरीचा, फक्त माळव्याचा. देठ पिळवटलेले नाहीत. पान उलटं केलं तर पांढरे ठिपके उडतात. म्हणजे माशीच.

मग आता फवारा कुठला आणि किती? आणि पिवळे चिकट सापळे एकरी किती लावायचे? कोणी ५ सांगतं, कोणी ५०.

तंबाखूपट्टा

सापळ्यांचं आधी. फक्त माशी आली की नाही बघायचं असेल तर एकरी ५ पुरतात. माशी धरायची असेल तर १५ ते २०. ५० लावले तरी झाडाच्या पानाखाली बसलेली माशी सापळ्याकडे येत नाही, उडणारीच चिकटते. त्यामुळे सापळे रानाच्या मधोमध लावण्यापेक्षा बांधाच्या कडेने दाट आणि आत विरळ लावा. सापळ्याचा खालचा काठ शेंड्याच्या एक वीत वर असावा आणि झाड वाढेल तसा सापळा वर सरकवावा. चार फुटांच्या काठीवर एकदाच ठोकून विसरलेला सापळा पहिल्या महिन्यात फक्त धूळ धरतो. घरी करायचा तर पिवळा रंग मारलेल्या पत्र्याला एरंडेल चोपडा, आठवड्याला पुसून परत लावा. निळे सापळे फुलकिड्यांसाठी आहेत, त्यावर पांढरी माशी मोजत बसू नका.

आता फवारे. टोमॅटोवर पांढऱ्या माशीसाठी शिफारस असलेल्यांपैकी चार सांगतो. मात्रा एकरी २०० लिटर पाण्याच्या हिशोबाने आणि कंसात १५ लिटरच्या पंपाला:

इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल, ६० ते ७० मिली (पंपाला ५ मिली), तोडणीपूर्वी ३ दिवस थांबायचं.
थायमेथोक्झाम २५ डब्ल्यूजी, ८० ग्रॅम (६ ग्रॅम), ५ दिवस.
स्पायरोमेसिफेन २२.९ एससी, २५० मिली (१९ मिली), ३ दिवस.
सायअँट्रानिलीप्रोल १०.२६ ओडी, ३६० मिली (२७ मिली), ३ दिवस.

२२ दिवसांच्या झाडाला २०० लिटर लागत नाही, ८०-१०० लिटरमध्ये ओलं होतं. तेव्हा पंपाची मात्रा तीच ठेवा, पंप कमी मारा. ६-७ पंपात एकराचं सगळं औषध ओतू नका, कोवळा शेंडा करपतो आणि मग तोही व्हायरस वाटतो.

पहिली दोन एकाच गटातली आहेत, नाव वेगळं म्हणून औषध वेगळं होत नाही. इमिडा झाल्यावर थायमेथोक्झाम म्हणजे तोच वार दुसऱ्या हाताने. एका पिकात या गटाची पाळी एकदाच, तीही फुलाआधी, कारण फुलोऱ्यात मधमाश्यांना त्रास. तुमच्या रोपवाटिकेत इमिडाची आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी देणं) झाली असेल तर ती पाळी संपली. आता सायअँट्रानिलीप्रोल घ्या. नंतर आठ-दहा दिवसांनी स्पायरोमेसिफेन. ते उडत्या माशीला लगेच पाडत नाही, अंडी आणि पिल्लांवर चालतं. 'मारलं तरी माश्या उडतायत' म्हणून तिसऱ्या दिवशी दुसरं मारायला जाऊ नका.

आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड, सायपरमेथ्रिन वगैरे, पांढऱ्या माशीसाठी मारूच नका. मित्रकीटक आधी मरतात, माशी पुरती मरत नाही, पंधरा दिवसांत दुपटीने दिसते. स्वस्त म्हणून तेच सगळ्यात जास्त मारलं जातं.

नोझल हॉलो कोन, तोंड वर करून, पानाच्या खालच्या बाजूने. माशी, अंडी, पिल्लं सगळी खालीच असतात. वरून पाऊस पाडल्यासारखा फवारा म्हणजे औषध मल्चिंगच्या कागदावर.

तंबाखूबद्दल एक. निपाणी भागात विडीची तंबाखू काढून झाल्यावर खोडं तशीच राहतात, त्याला खालून फूट येते. ती कोवळी फूट पांढऱ्या माशीची धर्मशाळा. तंबाखूलाही पर्णगुच्छ याच माशीने येतो, आणि टोमॅटोचा विषाणू तंबाखूवर जगतो. जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी टोमॅटो लावायचा तो नेमका याच वेळी. शेजारची खोडं नांगरून निघाल्याशिवाय त्या बांधाला टोमॅटो लावू नका, किंवा शेजाऱ्याची खोडं स्वतःच्या खर्चाने नांगरून द्या. दोन फवाऱ्यांपेक्षा स्वस्त पडतं.

रोपवाट_अथणी

सगळे लागणीनंतरचं बोलताय. उन्हाळी टोमॅटोचा निकाल बऱ्याचदा ट्रेमध्येच लागलेला असतो. तरूला २५-२८ दिवस लागतात. त्यात विषाणू अठराव्या दिवशी शिरला तर लक्षण दिसेपर्यंत तरू तुमच्या रानात पोचलेला असतो.

हा विषाणू बियाण्यातून येण्याची भीती धरू नका, तो माशीने येतो. म्हणून जाळी महत्त्वाची. आणि इथेच सगळ्यात मोठा घोटाळा आहे: '५० ची जाळी' मागितली की दुकानदार ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट देतो. ५० टक्के म्हणजे सावली किती, याचा भोकाशी संबंध नाही. त्यातून पांढरी माशी आरामात जाते, माशीची लांबी जेमतेम १ मिलीमीटर. आपल्याला हवी ती ५० मेशची पांढरी कीटकरोधक जाळी, म्हणजे एका इंचात ५० भोकं. ४० मेश ही शेवटची मर्यादा. घेताना पट्टी ठेवून एका सेंटिमीटरमधले धागे मोजा. २० च्या जवळ आले तर ५० मेश, १६ च्या खाली आले तर परत करा. काही जाळ्यांत एका बाजूने धागे दाट आणि दुसऱ्या बाजूने विरळ असतात, दाट बाजू धरा.

एकराला किती लागतं तेही लिहितो. ५ × दीड फुटाला ५,८०८ झाडं. मर आणि नांग्या धरून ६,६०० रोपं. ९८ कप्प्यांचे ६७-६८ ट्रे. बी एका ग्रॅममध्ये ३०० च्या वर असतं, म्हणजे १० ग्रॅमची दोन पाकिटं, आणि हाताशी थोडं जास्त. ६८ ट्रे १० चौरस मीटरवर बसतात. २ मीटर रुंद, ६ मीटर लांब बोगदा केला की पाणी द्यायला वाट राहते. यासाठी शेडनेटहाऊस बांधायची गरज नाही. जीआय तारेच्या किंवा बांबूच्या कमानी, वर ५० मेश जाळी, जाळीचा खालचा काठ चारी बाजूंनी वीतभर मातीत पुरलेला. तोंडाला दोन पडदे, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. एक पडदा पूर्ण पडल्यावरच दुसरा उघडायचा. ज्या बोगद्याचं तोंड पाणी देताना विटेने उघडं धरून ठेवतात तिथे जाळीचा खर्च वाया.

जाळीच्या आत एक पिवळा सापळा टांगा. एक माशी चिकटलेली दिसली तरी भोक शोधा. बोगद्याभोवती १० फूट तण नको. वांगी, मिरची, जुना टोमॅटो, शेवंती यांच्याजवळ बोगदा नको.

रोप लावायच्या आदल्या संध्याकाळी ट्रेमध्ये इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल, ०.३ मिली प्रति लिटर, अशी आळवणी. कोकोपीट पूर्ण भिजलं पाहिजे. त्याने माशी बसायची थांबत नाही, पण बसलेली लवकर मरते आणि पहिले दोन आठवडे थोडं बळ मिळतं. बाहेरच्या रोपवाटिकेतून तरू आणत असाल तर गाडीत भरायच्या आधी दहा ट्रे उलटसुलट बघा, पानाखाली. रोपवाटिकेत शेजारी जुनी तयार रोपं आठवडाभर पडून असतील तर तिथून घेऊ नका. ती रोपंच तिथला रोगाचा साठा असतात.

कडोली_माळवं

जाळी, सापळे, फवारे हे सगळं करण्यापेक्षा वाणच सहनशील घ्यावा की. बेंगळुरूच्या आयआयएचआरचा (भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा) अर्का रक्षक आहे, अर्का सम्राट आहे. रक्षकला पर्णगुच्छ, जिवाणू मर आणि करपा अशी तिहेरी प्रतिकारशक्ती आहे. बेंगळुरू कृषी विद्यापीठाचे संक्रांती, नंदी, वैभव हेही पर्णगुच्छासाठीच काढलेले. आपल्या खानापूरकडच्या लाल मातीत पावसाळ्यात मर जास्त, तिथे रक्षक डोळे झाकून.

मलप्रभा_काठ

डोळे झाकून नको. वाण घ्या, नक्की घ्या, पण प्रतिकारक म्हणजे रोग येणारच नाही असं नव्हे. टोमॅटोच्या रानटी जातींतून आणलेली जनुकं आहेत ती. टीवाय-१ सोलॅनम चिलेन्समधून, टीवाय-२ सोलॅनम हॅब्रोकेटसमधून. ती विषाणूला झाडात मुक्त वाढू देत नाहीत, पण तो झाडात राहतो. लक्षणं सौम्य येतात आणि माशी त्या झाडावरूनही विषाणू उचलते. म्हणजे तुमचा रक्षक ठीक राहील आणि शेजारच्या साध्या वाणाची वाट लागेल.

दुसरं, पर्णगुच्छ घडवणारा विषाणू एकच नाही. बेंगळुरूच्या नावाचा वेगळा, नवी दिल्लीच्या नावाचा वेगळा. टीवाय-२ एकावर चांगलं चालतं, दुसऱ्यावर ढिलं पडतं. खासगी संकरित वाणाच्या पाकिटावर नुसतं 'टीवायएलसीव्ही सहनशील' (टोमॅटो यलो लीफ कर्ल व्हायरस) लिहिलेलं असतं. ते आपल्याकडच्या विषाणूवर किती उतरेल हे त्या अक्षरांवरून कळत नाही. आपल्या शिवारात मागच्या उन्हाळ्यात कुठला वाण उभा राहिला ते विचारून घ्या. उन्हाळ्याचंच विचारा, कारण पावसाळ्यात माशी कमी असते आणि सगळेच वाण चांगले दिसतात.

कडोली_माळवं

बरोबर आहे, पण बाजाराचं काय? बेळगाव एपीएमसीला उंच, लांबट फळ लवकर उठतं आणि क्रेटमध्ये लांब जातं. रक्षकचं फळ घट्ट, ९०-१०० ग्रॅमचं, टिकतं चांगलं, पण आकार चौकोनी-गोल. व्यापारी आकारावर भाव पाडतात. म्हणून उन्हाळ्यात रक्षक आणि पावसाळ्यात-हिवाळ्यात बाजाराचा वाण अशी विभागणी बरी पडते. फेब्रुवारी ते मे माशीचा जोर, त्यात साधा वाण लावणं म्हणजे जुगार.

घटप्रभा_डावाकालवा

लक्षणांबद्दल थोडी भर. बांधापलीकडे भुईमूग असेल तर आणखी एक रोग येतो आणि लोक त्यालाही व्हायरस म्हणून पांढऱ्या माशीचं औषध मारत राहतात. त्यात शेंड्याची पानं वळत नाहीत, तांबूस-कांस्य रंगाची होतात, बारीक काळपट ठिपके येतात, खोडावर आणि देठावर काळ्या रेघा पडतात, मग शेंडाच मरतो. फळावर गोल-गोल वलयं येतात, लाल न होणारे पिवळे डाग पडतात. हा भुईमुगाच्या शेंडेमरचा विषाणू, टॉस्पोव्हायरस. वाहक फुलकिडे, थ्रिप्स पाल्मी. कन्नडमध्ये विचाराल तर 'थ्रिप्स नुसी'.

इथे गंमत अशी की फुलकिड्याचं पिल्लू असतानाच विषाणू घेतला तर तो मोठेपणी रोग देतो. मोठ्या फुलकिड्याने रोगट झाडाचा रस घेतला तरी तो रोग पसरवत नाही. म्हणजे रोगट झाडावर पिल्लं वाढू न देणं हाच उपाय: रोगट झाड लवकर काढणं आणि शेजारच्या भुईमुगातले फुलकिडे बघणं. निळे सापळे इथे. सायअँट्रानिलीप्रोल दोघांनाही चालतं म्हणून तंबाखूपट्टा यांनी ते आधी सुचवलं ते योग्यच.

तिसरा म्हणजे मावा. त्याने काकडी मोझॅक येतो. पान बुटाच्या नाडीसारखं, नुसती मधली शीर उरल्यासारखं. २०२० च्या मे महिन्यात नारायणगाव-संगमनेर भागात 'तिरंगा' म्हणून फळ रंग बदलत होतं, त्याच्या तपासणीतही काकडी मोझॅक सापडला होता. मावा दोन मिनिटांत विषाणू उचलतो आणि दोन मिनिटांत देतो, त्यामुळे फवाऱ्याने मावा मरायच्या आतच काम झालेलं असतं. बांधावर मका लावला की माव्याची सोंड आधी मक्यात पुसली जाते. फवाऱ्यापेक्षा ते जास्त उपयोगी.

आणि ज्याला रोग म्हणायचं नाही तेही एक: खालची जुनी पानं वर गुंडाळलेली, जाड, कडकडीत, पण हिरवीगार आणि शेंडा चांगला. ऊन वाढलं, एकदम जास्त फांद्या काढल्या किंवा पाण्याचा ताण-भडिमार झाला की तसं होतं. तिथे काही मारायचं नाही.

शिवार_हुक्केरी

मक्याचा बांध आता लावून उपयोग आहे का? आणि निंबोळी अर्क चालेल का, घरी निंबोळ्या आहेत.

तंबाखूपट्टा

मका आता लावून तो गुडघ्याला येईपर्यंत तुमचे ४५ दिवस संपतील. पुढच्या वेळी लागणीच्या २५-३० दिवस आधी, चारी बाजूंनी दोन-तीन ओळी, दाट. ज्वारी-बाजरीही चालते. मका नसेल तर आता त्या पूर्वेच्या बांधाला पाच फूट उंच जाळी किंवा जुन्या साड्या उभ्या बांधा. दिसायला वेडंवाकडं, पण माशी बरीचशी खालून उडते. आणि मिरची संपत आली असेल तर ती काढायला शेजाऱ्यांना पटवा. काढायच्या आधी तिच्यावर एक फवारा मारूनच, नाहीतर सगळी माशी तुमच्याकडे.

निंबोळी चालते. ५ किलो वाळलेल्या निंबोळीची भरड रात्रभर १० लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून दोनदा गाळून १०० लिटर करा, वर १०० ग्रॅम साबण चुरा. त्याच दिवशी, संध्याकाळी मारा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेला अर्क म्हणजे नुसतं कडू पाणी. माशी लगेच मरत नाही, पण अंडी घालणं आणि पिल्लांची वाढ कमी होते, म्हणून दोन रासायनिक फवाऱ्यांच्या मध्ये बसवा. गाळण्यात आळस केला की नोझल तुंबतं आणि शिव्या निंबोळीला.

युरिया आवरा. गडद हिरव्या, रसाळ शेंड्यावर माशी जास्त. आणि भांगलण बांधावरही करा. गाजर गवत, ओसाडी, धोतरा, दुधी हे सगळे माशीचे ठिकाणे, त्यातल्या काहींत विषाणूही राहतो. सरी स्वच्छ आणि बांधावर कमरेएवढं गाजर गवत, असं चित्र फार दिसतं.

रोपवाट_अथणी

पुढच्या उन्हाळ्यासाठी एक पर्याय: लागण झाल्याबरोबर सरीवर क्रॉप कव्हर. १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) पांढरं न विणलेलं कापड, खरबुजाला वापरतात तेच. लागणीपासून २५-३० दिवस ठेवायचं, म्हणजे धोक्याचा काळ झाकलेला जातो. टोमॅटो स्वपरागी, आणि फूल यायच्या सुमाराला कापड निघतंच, तेव्हा परागीभवनाची अडचण नाही. काठी-तारेच्या बांधणीआधी काढावं लागतं.

शिवार_हुक्केरी

एकराला कापड आणि कमानी किती लागतील?

रोपवाट_अथणी

५ फुटांवर सऱ्या म्हणजे एकरात साधारण २,६५० मीटर सरी. कमान दर २ मीटरला, म्हणजे १,३०० च्या वर. गादी अडीच फूट आणि कमानीची उंची दीड फूट धरली तर कमानीवरून कापड १.३ मीटर जातं, दोन्ही काठांना सहा-सहा इंच मातीत दाबायला धरून १.६ मीटर रुंदीचं घ्या. लांबीला टोकांच्या गाठींसाठी दर सरीला २ मीटर जास्त. कापड झाडाला टेकू देऊ नका, टेकलेल्या जागी बाहेरून माशी सोंड घालते. ऊन ३८ च्या वर गेलं तर दुपारी टोकं उघडायचा मोह होतो, ती उघडू नका. त्याऐवजी ठिबक सकाळी दोन वेळा विभागून द्या. काढताना एकदम नको, संध्याकाळी काढा, आणि दुसऱ्या सकाळी पहिला फवारा.

कापड नीट घडी करून ठेवलं तर दुसऱ्या हंगामाला चालतं. उंदरांपासून लांब ठेवा, एक भोक म्हणजे पूर्ण सरी उघडी.

मलप्रभा_काठ

चंदेरी मल्चिंग आहे का काळं? चंदेरी बाजू वर असेल तर परावर्तित उजेडाने माशी आणि फुलकिडे कमी उतरतात, झाडाने कागद झाकेपर्यंत. काळी बाजू वर आली असेल तर तो फायदा गेला, पण आता उलटवत बसू नका.

शिवार_हुक्केरी

चंदेरी वर आहे, २५ मायक्रॉन. पण सरीतल्या मातीने अर्धा कागद झाकलाय.

मलप्रभा_काठ

मग पाणी मारून तेवढा धुऊन घ्या. उद्या पहाटे पिशव्या घेऊन पूर्वेच्या चार सऱ्या करा, पाचव्या-सहाव्या सरीचं प्रत्येक पान उलटून बघा, आणि रोगट झाडांची जागा कागदावर खुणा करून ठेवा. चार दिवसांनी परत तीच फेरी. नवी झाडं पूर्वेच्याच सऱ्यांत निघाली तर ती जुनी लागण बाहेर येतेय. पश्चिमेकडे, मध्ये निघायला लागली तर माशी तुमच्याच रानात अंडी घालतेय. तेव्हा स्पायरोमेसिफेन आठ दिवस थांबवू नका.